हात जोडणारे रोप

दिवेलागणीला मरांटाची पाने उभी राहून जोडलेल्या हातांसारखी मिटतात आणि सकाळी पुन्हा पसरतात. म्हणूनच ब्राझीलमधील या रोपास ‘प्रार्थना-वनस्पती’ म्हणतात. पानाच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्यातील पाण्याचा दाब बदलला, की ही हालचाल घडते.

वर्षावनातील उंच वृक्षांच्या सावलीत, दमट हवेत हे रोप वाढते. घरीही त्यास तसेच वातावरण द्यावे. पूर्वेच्या खिडकीजवळ, झिरझिरीत पडद्याआड ते ठेवावे. कडक उन्हाने पानांचा रंग उडतो. पेढीवर वातानुकूलन यंत्राच्या झोतात ठेवल्यास पानांच्या कडा करपतात. कुंडीखालच्या ताटलीत खडे व थोडे पाणी ठेवावे. मात्र कुंडीचे बूड पाण्यात बुडू देऊ नये.

हे रोप दगावते ते बहुधा अतिमायेने. एकत्र कुटुंबात तिघे जण येता-जाता पाणी घालतात आणि मुळे कुजतात. मातीत बोट घालून पाहावे. वरचा थर सुकू लागला असेल, तरच पाणी द्यावे. हे काम घरातील एखाद्या मुलाकडे सोपवावे. गरज ओळखून तेवढेच देण्याचा संयम त्यास येथे सहज शिकता येईल.