हसता, पण कुणावर?

मार्क ट्वेन म्हटले की आपल्याकडे कुंपण रंगवून घेणारा खोडकर टॉम सॉयर आठवतो. याच अमेरिकन विनोदी लेखकाने गुलामगिरीवर आसूड ओढले, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. चळवळीच्या वाचकांनी हा ट्वेन वाचला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

ट्वेन 1835 साली मिसुरी या गुलामीच्या राज्यात जन्मला. 1896 च्या जानेवारीत तो व्याख्यानांसाठी मुंबईत आला. हॉटेलात एका गोऱ्या साहेबाने, चूक काय ते न सांगताच, नोकराच्या तोंडावर तडाखा लगावला. नोकराने तो निमूट सोसला. ट्वेनला आपल्या बापाच्या घरचे गुलाम आठवले. 1897 च्या प्रवासवर्णनात त्याने हे लिहून ठेवले आहे. जगाला हसवणारा हा माणूस त्या नोकरावर हसला नाही.

त्याचा हकलबेरी फिन पळालेल्या जिमला पकडून देण्यासाठी चिठ्ठी लिहितो. गुलामाला पळायला मदत करणे हे पाप, असेच त्याला धर्माने आणि समाजाने शिकवलेले असते. शेवटी नरकात जावे लागले तरी चालेल, असे म्हणून तो चिठ्ठी फाडतो. इथे हसे होते ते हकचे नव्हे, असले पाप-पुण्य शिकवणाऱ्या व्यवस्थेचे!

1894 च्या ‘पुडनहेड विल्सन’मध्ये तर एक वकीलच नायक आहे. रॉक्सी ही गुलाम आई आपले बाळ आणि मालकाचे बाळ पाळण्यात बदलते. गुलामाचा मुलगा मालक होतो, मालकाचा मुलगा गुलाम. वीस-बावीस वर्षे कुणाला पत्ता लागत नाही! रक्तात श्रेष्ठत्व असते तर ते लपले असते काय? जन्मावरून माणसाची प्रत ठरवणाऱ्यांना यापेक्षा नेमके उत्तर कोणते?

हे हत्यार आपल्याला परके नाही. ट्वेनच्या हकआधी तीस वर्षे, 1855 मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ नाटकात विदूषक उभा केला. भोळ्या कुणब्याला लुबाडणाऱ्या जोशीबुवाचे पितळ तो उघडे पाडतो. 1873 ची ‘गुलामगिरी’ तर जोतीरावांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांनाच अर्पण केली. आंबेडकरी जलशांनीही हसवत हसवतच माणसे जागी केली.

आणि आज? बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून सुटणाऱ्या लोकलच्या डब्यात, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये ‘सरकारचे जावई’ म्हणून खिदळणारे थोडे नाहीत. कुणी हरकत घेतली की ठरलेले उत्तर मिळते, “अहो, गंमत केली!” आमच्या वकिलीत हा बचाव आम्ही अनेकदा ऐकला आहे. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 3 नुसार, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला कमी लेखण्याच्या हेतूने लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर अपमानित करणे हा गुन्हा आहे. 2015 च्या दुरुस्तीने, अशा ठिकाणी जातीचे नाव घेऊन शिवीगाळ करणे हाही वेगळा गुन्हा झाला. गंमत म्हटल्याने हेतू आपोआप पुसला जात नाही. प्रत्येक टोमणा गुन्हा ठरेल असेही नाही. न्यायालय शब्द, जागा, हेतू आणि साक्षीदार पाहते. म्हणून तरुणांनी भांडत बसण्याआधी शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत.

ट्वेनला डोक्यावर घेऊन नाचण्याचेही कारण नाही. त्याच्या कादंबरीत जिमचीही जागोजागी टर उडवली आहे आणि कृष्णवर्णीय वाचकांनी त्यावर वर्षानुवर्षे आक्षेप घेतला आहे. पण ते आक्षेप घेऊन थांबले नाहीत. पर्सिव्हल एव्हरेट या कृष्णवर्णीय लेखकाने तीच कथा जिमच्या तोंडून सांगितली. 2024 च्या त्या ‘जेम्स’ कादंबरीला 2025 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ज्याच्यावर जग हसत होते, त्यानेच लेखणी हाती घेतली!

आमच्या वस्त्यांतल्या मुला-मुलींनी हेच करावे. रडगाणे पुष्कळ झाले. हसवा, पण पायाखालच्या माणसावर नव्हे. त्याच्या मानेवर पाय देऊन उभा असलेल्यावर.