जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी तुमच्या घरातला कॉम्प्युटर बंद पडला नाही. आजही तो सुरू होतो, सिनेमा दाखवतो, वीजबिल भरतो. त्यामुळे अनेक घरांत ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आलेली नाही.

पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबलं की नव्याने सापडणारी भोकं उघडीच राहतात. नोंदणी करणाऱ्यांसाठी वर्षभराची जादा सोय कंपनीने ठेवली. ती संपली की तीही वाट बंद. विंडोज ११ घ्यावी, तर बऱ्याच जुन्या मशीनवर ती रीतसर चढत नाही. मग दुकानदार सांगतो, नवा लॅपटॉप घ्या.

घ्यायचाच असेल तर घ्या. पण त्याआधी विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीचा विचार करून बघा.

लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. तो सगळ्यांसाठी खुला आहे. कुणीही वाचावा, सुधारावा, वाटावा. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो. म्हणजे तुम्ही लिनक्स रोज वापरताच आहात. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं अशाच खुल्या प्रणालीवर शिकत आली आहेत. तेव्हा हे फक्त इंजिनिअर मंडळींचं काम आहे, ही भीती मनातून काढून टाका.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. आपल्याकडे 'विंडोज टाकून देतो' म्हणणारे पुष्कळ वेळा चोरीची प्रत टाकतात. तिच्यासोबत आणखी काय आत आलं, हे त्यांनाही ठाऊक नसतं. त्याच कॉम्प्युटरवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाइप करता. लिनक्स फुकट मिळतं आणि रीतसर मिळतं. माझ्या मते घरासाठी हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

आता तुमच्या घराला ते चालेल का? एक कागद घ्या. आठवडाभर घरातलं कोण कॉम्प्युटरवर काय करतं, ते त्यावर लिहा. रेल्वेचं तिकीट, बँक, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप वेब, मुलांचा ऑनलाइन वर्ग, पत्र लिहिणं, फोटो साठवणं, एवढंच निघालं तर बिनधास्त पुढे जा. ही बहुतेक कामं ब्राउझरमध्ये होतात, आणि फायरफॉक्स किंवा क्रोम लिनक्सवरही तसंच चालतं.

पण यादीत टॅली असेल तर थांबा. फोटोशॉप असेल तरी थांबा. जीएसटीसाठी डिजिटल सही लागत असेल तर आधी तुमच्या सीएंना विचारा. मुलं ऑनलाइन गेम खेळत असतील तर त्यांनाही विचारा, कारण काही गेम लिनक्सवर चालत नाहीत. अशा घराने विंडोजच ठेवावी, मात्र अधिकृत आणि देखभाल चालू असलेली.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एका गोष्टीकडे नीट लक्ष द्यावं. वर्षानुवर्षं आपण श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहीत आलो. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर अशी फाइल उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. घरी कुणाचे लेख, संस्थेची इतिवृत्तं, लग्नपत्रिकांचे मजकूर असे पडलेले असतील तर ते आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा रूपात, बदलून घ्या. बदललेला मजकूर डोळ्यांखालून घाला, जोडाक्षरं बऱ्याचदा बिघडतात. हे काम लिनक्स न घेताही करायलाच हवं, नाहीतर पुढे ते लिखाण कुणालाच वाचता येणार नाही. युनिकोड मराठीची लिनक्सवर काही अडचण नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्डही मिळतो.

नवख्या माणसाने लिनक्सचा 'मिंट' हा प्रकार घ्यावा असं मी सुचवेन. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, सगळं ओळखीचं वाटतं. चार जीबी रॅम असेल तर घरची कामं होतात. मशीन फारच संथ असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. पैसे खर्च करायचेच, तर ते इथे सार्थकी लागतात.

लगेच बसवायची घाई करू नका. मिंट पेनड्राइव्हवर घेता येतं आणि त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू करता येतो. आतल्या फाइलींना धक्का लागत नाही. असं सुरू करून वायफाय लागतं का बघा. आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, बघा. प्रिंटरवर एक पान छापूनच बघा, काही प्रिंटर लिनक्सवर फार त्रास देतात. आईबाबांनाही तासभर समोर बसू द्या.

पटलं तर बसवा. पण त्याआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. त्यातल्या चारदोन फाइली उघडून खात्री करा. बसवताना डिस्क पुसण्याचा पर्याय येतो. तो निवडलात की जुनं सगळं गेलं, म्हणून त्या वेळी जाणकार कुणीतरी शेजारी असू द्या. नात्यातला एखादा कॉलेजचा मुलगा पुरतो. पुढे अडल्यावर फोन करायलाही तोच उपयोगी पडेल.

वर्डची फाइल लिनक्सवर लिबरऑफिस या प्रोग्राममध्ये उघडते, पण मांडणी थोडी हलू शकते. अर्ज किंवा बायोडेटा पाठवताना पीडीएफ करूनच पाठवा. अपडेट आलं की टाळू नका. इंटरनेटवर दिसलेली आज्ञा न समजता टाइप करू नका.

आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. फोनवर गोड बोलून पैसे काढणाऱ्याला तुमच्या कॉम्प्युटरवर कोणती प्रणाली आहे याने काही फरक पडत नाही.

या रविवारी एक पेनड्राइव्ह आणि तो कागद घेऊन घरच्यांसोबत बसा, आणि निर्णय सगळ्यांनी मिळून घ्या.