खाल्लेलं अंगी लागतंय का?

"रोज पालेभाजी खाते, नाचणीही खाते, तरी हिमोग्लोबिन काही वाढत नाही!" ही तक्रार तुमच्याही घरात ऐकू येत असेल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातल्या 15 ते 49 वयाच्या जवळपास निम्म्या स्त्रियांना रक्तक्षय आढळला. कधी लोह कमी खाल्लं जातं, तर कधी खाल्लेलं अंगी लागत नाही.

वनस्पतींमधलं लोह लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. त्यासाठी ते विरघळलेलं असावं लागतं. धान्य-कडधान्यांतलं फायटेट आणि चहा-कॉफीतली टॅनिनं लोहाला घट्ट धरून ठेवतात. मग ते तसंच बाहेर पडतं. 'क' जीवनसत्त्व मात्र लोह विरघळलेलं ठेवतं.

याचं मोजमाप आपल्या बेंगळुरूतच झालं आहे. सेंट जॉन्सच्या संशोधकांनी तरुणींना भाताचं जेवण देऊन केलेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. जेवणासोबत एक कप चहा घेतल्यावर लोहाचं शोषण निम्म्याच्या आसपास घटलं. दोन कपांनी सुमारे दोन तृतीयांश. 'क' जीवनसत्त्व दिल्यावर मात्र ते दुपटीहूनही अधिक वाढलं.

मग स्वयंपाकघरात काय बदलायचं? सकाळची चहा-पोळी किंवा इडलीबरोबरची फिल्टर कॉफी थोडी लांबवा. जेवण आणि चहा-कॉफी यांत तास-दीड तास जाऊ द्या. रागी मुद्देसोबतच्या सारात, वरणात किंवा उसळीत वाढताना लिंबू पिळा. 'क' जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, म्हणून शिजताना नको. इथली लिंबू पिळलेली कोसंबरी आणि आपली कोशिंबीर ताटात हवीच. पेरू, आवळाही चालेल. मटकी, कुळीथ, नाचणी भिजवून मोड आणले की त्यांतलं फायटेट कमी होतं. आंबवलेल्या आंबिलाचाही तोच फायदा.

फायटेट आणि टॅनिन वाईटच असतात असं नाही, त्यामुळे नाचणी किंवा चहा सोडायची गरज नाही. फक्त वेळ आणि जोडी सांभाळा. लोहाची गोळी चालू असेल तर ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. आणि सततचा थकवा, धाप किंवा पाळीत जास्त रक्तस्राव असेल, तर लिंबावर विसंबू नका. रक्त तपासून डॉक्टरांना दाखवा.