यंत्राची ताकद मोठी की गेमचा माल?

गिऱ्हाईक दुकानात येते ते लुगडे पाहायला. माग किती वेगाने चालला हे ते विचारत नाही. काठ कसा, पोत कसा, रंग टिकेल का, एवढेच पाहते. आम्ही कापडवाले हे रोज अनुभवतो. म्हणून मुलांच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांवरून, म्हणजे कन्सोलवरून, जो वाद चालतो त्यात दोन शब्द बोलावेसे वाटतात.

वाद असा की दोन कंपन्यांच्या यंत्रांत मोठे कोणते? ज्याची ताकद जास्त ते, की ज्याच्यावर दुसरीकडे न मिळणारे गेम आहेत ते? आमचे मत असे की आधी गेम पाहावेत, ताकदीचा आकडा नंतर.

जुना दाखला घ्या. निन्टेन्डोचा गेम बॉय १९८९ साली आला. पडद्याला रंग नव्हता. पुढच्याच वर्षी सेगाने रंगीत पडद्याचा गेम गिअर काढला. यंत्र जोरदार होते, पण सहा सेल चार-पाच तासांत संपवी. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चाले. शिवाय त्याच्याकडे टेट्रिस होता, आणि १९९६ पासून पोकेमॉन, जो दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर मिळतच नव्हता. गेम गिअर सुमारे एक कोटी खपला. गेम बॉय, त्याच्या रंगीत आवृत्तीसह, अकरा कोटींच्या वर गेला.

नवा दाखलाही तेच सांगतो. २०२० साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स सिरीज एक्स आणला. त्याची ताकद १२ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला बारा लाख कोटी आकडेमोडी. सोनीच्या प्लेस्टेशन ५ ची दहाच्या थोडी वर. भारतात दोन्हींची सुरुवातीची किंमत एकच, ४९,९९० रुपये. तरी बाजार सोनीने मारला, कारण स्पायडर-मॅन आणि गॉड ऑफ वॉरसारखा माल तिच्याकडे होता. २०२४ पासून तर मायक्रोसॉफ्ट स्वतःचे काही गेम प्लेस्टेशनवरही विकू लागली.

ताकदीला काहीच अर्थ नाही, असे आमचे म्हणणे नाही. यंत्र फारच कमजोर असले तर मोठे नवे गेम त्याच्यावर येतच नाहीत. पण घरात जुना टीव्ही असेल तर जास्तीची ताकद डोळ्यांना दिसणार कशी?

खास मालाचीही दुसरी बाजू आहे. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा गेम बनवला. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी फक्त निन्टेन्डो स्विचवर आला, आणि भारतात त्या यंत्राची अधिकृत विक्रीच नव्हती. माल पुण्याचा, पण पुण्याच्या गिऱ्हाइकाला थांबावे लागले. ऑक्टोबरमध्ये तो इतर यंत्रांवर आला. खास माल कंपनीला बरकत देतो, गिऱ्हाइकाला मात्र बांधून ठेवतो.

म्हणून मूल, सावली, सिंदेवाहीकडून चंद्रपूर-नागपूरला यंत्र घ्यायला जाणाऱ्या पालकांनी हिशेब नीट करावा. प्लेस्टेशन ५ आले तेव्हा सोनीचा नवा मोठा गेम ४,९९९ रुपयांना होता. दहा गेम घेतले की यंत्राची किंमत पुन्हा मोजली! डिस्क न लागणारे प्लेस्टेशन दहा हजारांनी स्वस्त होते, पण त्यावर मित्राची डिस्क चालत नाही, जुनी विकताही येत नाही. शिवाय मोठे गेम इंटरनेटवरून उतरवायचे म्हणजे आमच्याकडच्या लाइनवर रात्र जाते. तेव्हा मुलाला कोणते चार गेम हवेत, ते कोणत्या यंत्रावर मिळतात, आणि डिस्क जवळपास मिळते का, हे तीन सवाल आधी विचारावेत.

कारीगर बांधवांनीही यातून घ्यावे असे काही आहे. यंत्रमागाच्या वेगाशी आमच्या भागातला हातमाग कधीच बरोबरी करणार नाही. पण कोशाच्या लुगड्याचा करवतकाठ तीन धोट्यांनी हातमागावरच विणला जातो, आणि त्याची कदर करणारे गिऱ्हाईक तो शोधत येते. ताकद पैसे टाकून कुणीही विकत घेतो. दुसऱ्याकडे नसलेला माल बनवणे हेच खरे भांडवल आहे.