भेटली का हो ती दोघे?

चित्रपट संपून चित्रगृहातले दिवे लागले, की पडद्यापेक्षा प्रेक्षकांकडे पाहावे असा मोह मला नेहमी होतो. खुर्चीखाली सरकलेली चप्पल पायाने चाचपताना, पेंगुळलेल्या मुलाला खांद्यावर घेताना माणसे जे पहिले वाक्य बोलून जातात, ते फार खरे असते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातले परीक्षण वाचून झाले, की त्या वाक्यावर इस्त्री फिरते. मग ते शहाणे दिसू लागते. पण आपले राहत नाही.

असे एक पहिले वाक्य गेली कित्येक वर्षे मी ऐकत आलो आहे. रितेश बत्रा ह्यांचा ‘द लंचबॉक्स’ हा चित्रपट २० सप्टेंबर २०१३ रोजी आपल्याकडे प्रदर्शित झाला. त्यात मारामारी नाही, नाच नाही, नायक-नायिका समोरासमोर येऊन एक वाक्यही बोलत नाहीत. तरीही लोकांनी तो चित्रगृहात पाहिला, पुढे घरच्या टीव्हीवर पाहिला, आणि आता मुले तो मोबाइलवर पाहतात. माझ्या वर्गातल्या मुलींनी, प्राध्यापकांच्या खोलीतल्या गणिताच्या सहकाऱ्यांनी आणि कोजागरीला गच्चीवर दूध आटवणाऱ्या शेजाऱ्यांनी, सर्वांनी मला विचारले ते एकच: “मग? भेटली का हो ती दोघे?”

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इला ही मुंबईच्या उपनगरातली गृहिणी. नवऱ्याचे मन घराबाहेर लागले आहे. ते परत वळावे म्हणून वरच्या मजल्यावरच्या देशपांडेकाकूंच्या सल्ल्याने ती मोठ्या हौसेने स्वयंपाक करते आणि डबा पाठवते. तो डबा चुकून जातो साजन फर्नांडिस नावाच्या, निवृत्तीला टेकलेल्या एका विधुर कारकुनाकडे. डबा चाटूनपुसून रिकामा परत येतो. इला दुसऱ्या दिवशी डब्यात चिठ्ठी घालते. उत्तर येते: आज जेवण खारट झाले होते! आभाराचा एक शब्द नाही. काकू खवळतात, पुढच्या डब्यात मिरच्यांचा मारा होतो. आणि अशा भांडणातून दोन एकाकी माणसांचा पत्रव्यवहार सुरू होतो. इरफान खान आणि निम्रत कौर ह्यांनी ही दोन माणसे उभी केली आहेत. देशपांडेकाकू तर पडद्यावर दिसतच नाहीत. ऐकू येतो तो फक्त भारती आचरेकरांचा आवाज आणि दिसते ती खिडकीतून दोरीने खाली येणारी टोपली. पण कोणत्याही मराठी माणसाला त्या काकू आपल्याच इमारतीत कोठेतरी राहत असाव्यात असे वाटल्याशिवाय राहत नाही.

हा चित्रपट स्वतंत्र वाटेने आला होता. भारत, फ्रान्स आणि जर्मनी अशा तीन देशांतून त्याचा पैसा उभा राहिला. मे २०१३ मध्ये कान महोत्सवातील समीक्षक सप्ताहात तो प्रथम दाखवला गेला आणि तेथे त्याला ‘ग्रां रेल दॉर’ हे पारितोषिक मिळाले. ते देतात फ्रान्समधले चित्रपटवेडे रेल्वे-कर्मचारी! ज्या चित्रपटाचा जीव लोकलच्या डब्यात आणि लोकलमधून जाणाऱ्या डब्यात आहे, त्याची पहिली पावती आगगाडीवाल्यांनीच फाडावी, ह्याची मला मोठी गंमत वाटते. आपल्याकडे मात्र त्याच सप्टेंबरात वाद पेटला तो दुसऱ्याच गोष्टीवर. ऑस्करसाठी भारतातर्फे हा चित्रपट न जाता ‘द गुड रोड’ हा गुजराती चित्रपट गेला, ह्यावर लोक महिनाभर हिरिरीने बोलत होते.

पण मानसन्मानाच्या गोष्टी बाजूला ठेवू. घराघरांत जी चर्चा झाली, तिचे मला तीन प्रकार दिसले.

पहिला पक्ष नीतीचा. “लग्न झालेल्या बाईने परक्या पुरुषाला चिठ्ठ्या लिहाव्यात, हे दाखवायला पाहिजेच होते का?” हा प्रश्न विचारणारी माणसे वाईट नसतात. त्यांना संसार मोडलेले पाहवत नाहीत, एवढेच. दुसरा पक्ष हिशेबी लोकांचा. त्यांचे म्हणणे, मुळात कथाच खोटी. कारण डबेवाला चुकत नाही. ह्या अभिमानाला आधार आहे. महादू हावजी बच्चे ह्यांनी १८९० मध्ये हा व्यवसाय सुरू केला. चित्रपट आला त्या सुमारास सुमारे ५ हजार डबेवाले रोज दोनेक लाख डबे पोहोचवीत, तेही झाकणावरच्या रंगांच्या आणि अंकांच्या खुणांवर. २००३ मध्ये इंग्लंडचे राजपुत्र चार्ल्स त्यांना चर्चगेटला येऊन भेटले होते. चित्रपटातला डबेवालाही इलाला हेच ऐकवतो: हार्वर्डचे लोक आमचे काम पाहून गेले, खुद्द इंग्लंडचा राजा पाहून गेला, आमच्याकडून चूक होणे शक्यच नाही. आणि तिसरा पक्ष, सर्वांत मोठा, “भेटली का?” विचारणाऱ्यांचा.

ह्या तिन्ही पक्षांचे बोलणे ऐकताना मला एका गोष्टीचे नवल वाटते. ज्या प्रसंगातून हे सारे सुरू होते, त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. पहिल्या संध्याकाळी नवरा घरी येतो. इला आशेने विचारते, डबा कसा होता? तो कपडे बदलता बदलता म्हणतो, छान होती, बटाटा-फ्लॉवरची भाजी. इलाने फ्लॉवर केलेलाच नसतो. त्याने दुसऱ्याच कोणाचा, खानावळीतला डबा खाल्लेला असतो, आणि आपल्या घरची चव ती ही नव्हे, हे त्याच्या ध्यानातही आलेले नसते.

ह्या जागी चित्रगृहात हशा पिकतो. मीही हसलो होतो. पण कान देऊन ऐकले तर बायकांचे हसणे पुरुषांच्या आधी थांबते.

लाखो डब्यांतला एक डबा चुकला, ह्यावर आपण तावातावाने वाद घालतो. पण त्या नवऱ्याची चूक डबेवाल्याच्या चुकीहून किती मोठी! डबेवाल्याला झाकणावरची खूण ओळखायची असते. आतले अन्न कोणाच्या हातचे आहे ते ओळखण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. ती ज्याच्यावर होती, त्याने वर्षानुवर्षे खाल्लेल्या चवीची एवढीही खूणगाठ ठेवली नव्हती. साजन फर्नांडिसने इलासाठी विशेष असे काय केले? जेवण खारट आहे, एवढे कळवले. पण खारट आहे हे कळायला आधी लक्ष देऊन जेवावे लागते. इलाला प्रेमपत्राची भूक नव्हती. आपण केलेल्या भाजीची चव कोणाला तरी कळली, एवढीच खबर तिला हवी होती.

चित्रपटात आणखी दोन बायका आहेत आणि त्यांच्याविषयी प्रेक्षक आणखी कमी बोलतात. देशपांडेकाकूंचे यजमान पंधरा वर्षे बेशुद्धावस्थेत अंथरुणावर आहेत. त्यांची नजर छतावरच्या फिरत्या पंख्यावर खिळलेली. तो पंखा थांबू नये म्हणून काकू तो फिरता असतानाच पुसतात. हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग गप्प होतात. दुसरी इलाची आई. नवऱ्याचे दीर्घ दुखणे काढून, तो गेल्याच्या दिवशी, ती मुलीला सांगते की मला फार भूक लागली आहे, पराठे खावेसे वाटतात. सुरुवातीला प्रेम होते. पुढे त्याचे औषध, त्याची आंघोळ, त्याची न्याहारी, ह्या सगळ्याची नुसती किळस उरली होती, असेही ती बोलून जाते. ह्या प्रसंगावर आमच्या इमारतीतल्या एका तरुण सुनेने नाक मुरडले, “शी! अशी कशी हो आई दाखवली?” तेव्हा शेजारी बसलेल्या, बिछान्याला खिळलेल्या यजमानांचे अकरा वर्षे सगळे केलेल्या एक आजी हलकेच म्हणाल्या, “खरी दाखवली आहे, बाळ.” आणि लगेच दुधात जायफळ कमी पडले की काय, ह्याची चौकशी करू लागल्या. त्या चित्रपटाचे एवढे नेमके परीक्षण माझ्या वाचनात आलेले नाही.

आता “भेटली का?” ह्या प्रश्नाकडे येतो. इलाने दागिने विकले आहेत, मुलीला घेऊन भूतानला जायचे तिच्या मनात आहे. नाशिककडे निघून गेलेला साजन परत फिरला आहे आणि भजनाच्या तालावर टाळ वाजवणाऱ्या डबेवाल्यांबरोबर लोकलमध्ये बसून तिचे घर शोधायला निघाला आहे. येथे चित्रपट संपतो. पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकाला ही फसवणूक वाटते. पण ही तक्रार आजची नव्हे. कालिदासाचा यक्ष मेघाला निरोप सांगतो, वाट समजावतो, आशीर्वाद देतो आणि ‘मेघदूत’ तेथेच संपते. निरोप पोहोचला का, भेट झाली का, कवी सांगत नाही. वाचकांना हे इतके जड गेले, की काही पोथ्यांच्या शेवटी कोणी तरी मागाहून श्लोक जोडले. त्यांत कुबेराला दया येते, शाप संपतो आणि यक्षाची व त्याच्या प्रियेची भेट होते. श्लोक प्रक्षिप्त आहेत, हे अभ्यासकांनी कधीच ठरवले. पण ते जोडणारा माणूस मला परका वाटत नाही. दुधाचा पेला हातात घेऊन “भेटली का?” विचारणारा तो आमच्याच गच्चीवरचा.

मला विचाराल तर ती दोघे भेटली असोत वा नसोत, चित्रपटाला जे सांगायचे होते ते त्याआधीच सांगून झाले आहे. मध्यंतरानंतर एक प्रसंग येतो. ठरलेल्या उपाहारगृहात साजन येतो, दूरून तिला पाहतो, आपले वय आठवून समोर न जाताच परततो. दुसऱ्या दिवशी इला त्याला डबा पाठवते तो रिकामा. तिखट नाही, खारट नाही, नुसता रिकामा. तो झाकण उघडून पाहतो आणि हे आपल्याला मिळायलाच हवे होते, असे तिला लिहितो. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करीत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर घालून देतात. त्या रीतीत वाढलेल्या माणसाला हा रिकामा डबा किती लागतो, हे कानच्या प्रेक्षकांना समजले असेल का, कोण जाणे. आपल्याला मात्र समजायला हवे. घरात बोलाचाली थांबते तेव्हा भांड्यांचा आवाज होत नाही. डबे वेळेवर जातात, वेळेवर येतात. फक्त त्यांत कोणी साखर घालीत नाही.

इरफान खान २९ एप्रिल २०२० रोजी गेले. चित्रपट मात्र अजून पाहिला जातो आणि “भेटली का?” हा प्रश्नही नव्याने विचारला जातो. विचारणाऱ्याला मी आता उलट विचारतो, “काल रात्री जेवणात काय होते?” बहुतेक पुरुष मंडळी थोडी विचारात पडतात.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरोघरी कढया उतरलेल्या असतील. अंक वाचता वाचता समोर एक ताटली येईल आणि प्रश्न येईल, “चकली कशी झाली आहे?” पानावरची नजर न काढता “छान” म्हणण्याची आपणा सर्वांची जुनी सवय आहे. ह्या खेपेला उत्तर देण्यापूर्वी जरा मान वर करून ताटलीकडे पाहा.

कदाचित ते कडबोळे असेल.