मिगला शवपेटी म्हणणाऱ्यांनो

मंडळी, २०२५च्या दिवाळीत नाशिकचा पुतण्या आमच्याकडे मुक्ताईनगरला आला होता. ओझरच्या कारखान्यात त्याची सारी नोकरी मिग विमानांवर गेली. फराळाला बसलो असताना आमचा कॉलेजातला नातू सहज बोलून गेला, "काका, तुम्ही उडत्या शवपेट्याच बनवायचे ना?" पुतण्या हसला, पण हातातली चकली त्याने परत ताटलीत ठेवली. तेव्हापासून मनात खदखदते आहे, म्हणून हे टंकतो आहे.

मिग-२१ आपल्याकडे १९६३ साली आले आणि २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला निवृत्त झाले. म्हणजे ६२ वर्षे! शेकडो अपघात झाले, कोवळी पोरे गेली. मी हे नाकारत नाही. जिचा मुलगा गेला त्या आईपुढे मी कोणता युक्तिवाद करणार? पण दोष कोणाचा, एवढे तरी नीट विचारा.

मिगची जागा घ्यायची म्हणून आजच्या तेजसचा प्रकल्प १९८३ साली मंजूर झाला. पहिले उड्डाण व्हायला २००१ उजाडले. प्रशिक्षणासाठी हॉक हे प्रगत जेट मिळाले २००८मध्ये. तोवर संथ शिकाऊ विमानांवरून पोरांना वेगवान मिगवर जावे लागे. म्हातारा बैल औताला जुंपून ठेवायचा आणि तो बसला की त्याच्याच नावाने शिमगा करायचा, हा कुठला न्याय?

इतिहास काय सांगतो? १९६२ साली चीनविरुद्ध आपण लढाऊ विमाने वापरलीच नाहीत. १ सप्टेंबर १९६५ला संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी हवाई दलाला परवानगी दिली, पण पहिल्याच संध्याकाळी छांबवर आपली चार जुनाट व्हॅम्पायर पडली. १९७१ साली मात्र मिगनी ६ डिसेंबरपासून ढाक्याच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टीच फोडली. पाकिस्तानी सेबर जमिनीवरच अडकली, पूर्वेचे आकाश आपले झाले आणि १६ डिसेंबरला शरणागती आली. तेव्हा मिग नवे होते, हे विसरू नका. आकाश जिंकायला शौर्य लागतेच, पण वेळेवर निर्णय आणि वेळेवर विमानही लागते. शौर्य आपल्याकडे कधीच कमी नव्हते.

त्याच ओझरहून १७ ऑक्टोबर २०२५ला तिथे तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले. आता हवाई दलाला ती विमाने वेळेवर मिळतात का, हे विचारत राहा. तिथे गप्प बसायचे आणि राबणाऱ्या हातांची टिंगल करायची, ही देशभक्ती नव्हे.

नातवाला हे सगळे सांगितले. काकाला फोन त्याने आपणहून केला.

असो. चूकभूल द्यावी घ्यावी.