खडीच्या वाफ्याचा सायफन घरींच करावा

मासे व भाजीपाला एकाच पाण्यावर वाढविण्याची जी पद्धत ॲक्वापॉनिक्स या नांवानें ओळखली जाते, तिचे तयार संच विकणारे लोक मोठ्या उत्पन्नाचीं आश्वासनें देतात. ज्याच्यापाशीं विहीर, थोडी मोकळी जागा व चार पैसे शिल्लक आहेत अशा शेतकऱ्याचें मन तिकडे वळणें साहजिक आहे. त्यास परावृत्त करण्याचा या लेखाचा हेतु नाहीं. मात्र मोठा संच घेण्यापूर्वीं एक लहान वाफा व त्याचा सायफन स्वतःच्या हातानें करून पाहावा, आणि त्याची नोंद निदान एक उन्हाळाभर ठेवावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या पद्धतीचें मर्म थोडक्यांत असें. माशांच्या उत्सर्गांतून पाण्यांत अमोनिया उतरतो; तो वाढला कीं मासे मरतात. तेंच पाणी पंपानें खडीच्या वाफ्यांत सोडलें असतां खडीवर वस्ती करणारे सूक्ष्म जंतु अमोनियाचें प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात, आणि नायट्रेट हें तर पिकाचें खतच होय. या जंतूंस व पिकाच्या मुळांस पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. म्हणून वाफा भरावा व रिता व्हावा, रिता होतांना खडींत ताजी हवा ओढली जावी, अशी भरती-ओहोटी चालू राहणें इष्ट असतें. कोणत्याही फिरत्या भागाशिवाय ती घडवून आणणारें साधन म्हणजे सायफन. मराठींत त्यास बकनळी असा जुना शब्द आहे.

हें तत्त्व आपणांस परकें नाहीं. वासुदेवाचा पितळी कटोरा पुष्कळांनीं पाहिला असेल. पाणी वाढत वाढत बाळकृष्णाच्या पायास लागलें कीं सर्व पाणी तळांतून निघून जातें, आणि मुलें त्यास यमुना ओसरली असें म्हणतात. त्या मूर्तींत जी वाकडी नळी दडलेली असते, तिचेंच काम वाफ्यांत एक उभी नळी व तिच्यावरील टोपण करितात. २०१० सालीं हवाई विद्यापीठाच्या शेतकी शाखेनें परसांतील वाफ्यांसाठीं असा घंटेच्या आकाराचा सायफन कसा करावा यावर एक लहान पुस्तिका काढली. आणि २०१४ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें लहान प्रमाणावरील ॲक्वापॉनिक्सवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतही त्याचें वर्णन आहे. विद्या गुप्त नाहीं. ती विकत घेण्याचें कारण नाहीं.

कृति अशी. वाफ्याच्या तळास भोंक पाडून त्यांत एक इंची पीव्हीसी नळी पक्की बसवावी. पाणी जितकें चढावयास हवें तितकी तिची उंची ठेवावी. तिच्यावर साधारण दुप्पट व्यासाची, वरून झांकण चिकटवून हवाबंद केलेली नळी टोपणासारखी उपडी ठेवावी. टोपणाच्या खालच्या कडेस इंचभर उंचीच्या खांचा पाडाव्या. या सर्वांभोंवतीं भोंकें पाडलेली चार इंची नळी उभी करावी, म्हणजे खडी व मुळें आंत शिरत नाहींत. खडी काळ्या पाषाणाची घ्यावी. चुनखडीचा अंश असल्यास पाण्याचा आम्लपणा बिघडतो. लिंबाचा रस टाकून फेंस आला तर ती खडी वर्ज्य समजावी.

खरें काम यापुढेंच आहे. चार फूट लांब, दोन फूट रुंद व एक फूट खोल खडीचा वाफा घेऊं. त्यांत दहा इंच पाणी चढवावयाचें, तर ती जागा सुमारें १९० लिटरांची होते. पण खडीमधील पोकळी पांचांत दोन हिस्से धरल्यास प्रत्यक्ष पाणी ७५ लिटर मावतें. पंपाच्या नळाखालीं दहा लिटरांची बादली धरावी. ती दोन मिनिटांत भरली तर आवक मिनिटास ५ लिटर, आणि वाफा भरण्यास १५ मिनिटें. सायफन मिनिटास १५ लिटर काढीत असेल तर निव्वळ घट १० लिटर, म्हणजे साडेसात मिनिटांत वाफा रिता. हा जमाखर्च ज्यानें मांडला नाहीं, त्यानें सायफनास दोष देऊं नये. तसेंच वाफ्यांत चढणारे ७५ लिटर माशांच्या टांकींतूनच जातात. टांकी २०० लिटरांची असेल तर तींतील पाणी तिसऱ्या हिश्शाहून अधिक उतरेल, हेंही ध्यानांत घ्यावें. वाफ्याचें ओझें चार क्विंटलच्या घरांत जातें; घडवंची त्या मानानें भक्कम हवी.

आवक फार कमी असली तर पाणी उभ्या नळीच्या कांठावरून नुसतें झिरपत राहतें. नळी भरत नाहीं व सायफन सुरू होत नाहीं. अशा वेळीं नळीच्या तोंडास नरसाळ्यासारखा रुंद तुकडा बसवावा, अथवा खालच्या टोंकास एक कोपरा जोडावा. उलट आवक फार असली तर वाफा रिता होऊनही सायफन तुटत नाहीं, पाणी अखंड वाहत राहतें व वाफा पुन्हां भरत नाहीं. तेव्हां खांचा मोठ्या कराव्या, किंवा टोपणाच्या माथ्यापासून खांचांच्या पातळीपर्यंत उतरणारी एक बारीक नळी बाहेरून जोडून हवेस आंत वाट द्यावी.

यावरून विकतच्या सायफनाविषयीं आमचा आक्षेप लक्षांत येईल. तो बनविणारा आपला पंप, आपल्या टांकीची उंची व आपली खडी पाहून तो बनवीत नाहीं. शिवाय पंपाची जाळी तुंबली कीं आवक घटते, आणि होळीस नीट चालणारा सायफन वैशाखांत बंद पडतो. ज्यानें तो स्वतः केला, तो दहा मिनिटांत कारण शोधतो. ज्यानें विकत घेतला, तो विक्रेत्याची वाट पाहतो. तेवढ्या अवधींत नुकसान टांकींतल्या माशांचें होतें.

कोणी म्हणतील, हा सायफन म्हणजे खेळणें आहे. पंपास घड्याळी बटण लावून ठराविक वेळानें चालविल्यास तेंच काम होतें. हें म्हणणें खोटें नाहीं, आणि ज्यास तें सोयीचें वाटेल त्यानें तें जरूर करावें. परंतु पंप थांबविला कीं टांकींतील पाण्याची खळबळही थांबते, आणि उन्हाळ्यांत तापलेल्या पाण्यांत आधींच प्राणवायु कमी असतो. सायफन असल्यास पंप अखंड चालतो, हा त्याचा मोठा लाभ होय. मात्र वीज गेल्यावर सायफन कांहीं करूं शकत नाहीं. दाट मासे असलेल्या टांकीस हवा देणारा बॅटरीवरील लहान पंप जवळ नसेल, तर या धंद्यांत पाऊल टाकूं नये.

नोंद कशी ठेवावी हें शेतकऱ्यास सांगणें नको. पीकपाहणीप्रमाणें तारीख घालून बादली भरण्याचा वेळ, वाफा भरण्याचा व रिता होण्याचा वेळ, पाण्याची उष्णता आणि मेलेले मासे एवढीं पांच सदरें पुरेत. प्रथम मासे न सोडतां आठ दिवस नुसतें पाणी फिरवावें. मग थोडे मासे सोडावे; जंतूंची वस्ती होण्यास महिना-दीड महिना लागतो, तोंवर संख्या वाढवूं नये.

अशीं पांचसहा सभासदांचीं टिपणें एकत्र झालीं, तर मोठ्या संचावर पैसे घालावे कीं नाहीं हें आपल्याच आंकड्यांवरून ठरवितां येईल. मंडळीनें आपल्या आवारांत असा एक वाफा उभारून तो सभासदांस खुला ठेवावा, अशी आमची सूचना आहे. खर्च थोडा आहे. आणि लहान वाफ्यानें नकार दिला, तर मोठें कर्ज टळेल हाही नफाच समजावा.